सणांचा कचरा नगरच्या घरांतून जातो कुठे?

नगर शहरात गणपतीचे विसर्जन विहिरीत होते. मंडळांच्या मिरवणुका नेप्ती नाक्याजवळच्या बाळाजीबुवा विहिरीकडे जातात, सावेडी-पाइपलाइन रस्ता भागातले गणपती यशोदानगरच्या विहिरीकडे. सीना नदी शहराला लागून जाते खरी, पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात नाल्यांचेच पाणी असते. पिण्याचे पाणी येते राहुरीजवळच्या मुळा धरणातून. संगमनेरला प्रवरा आहे, कोपरगाव-पुणतांब्याला गोदावरी आहे. तिथे पाण्यात सोडलेली वस्तू पुढच्या गावाची होते. नगरात ती विहिरीतच राहते आणि नंतर गाळ म्हणून बाहेर काढावी लागते. सणाचा कचरा ‘गेला’ असे म्हणण्याची सोय या शहराला निसर्गानेच ठेवलेली नाही.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. बोलण्यात अजून नगरच आहे, म्हणून इथेही तेच. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा. इथला सणांचा हंगाम पोळा-गणपतीपासून धरला तर संक्रांतीपर्यंत चालतो. मध्ये हरेगावची मतमाउलीची (मदर मेरीची) यात्रा, मोहटादेवी आणि राशीनच्या जगदंबेचे नवरात्र, दसरा, दिवाळी, मग नाताळ आणि ३१ डिसेंबरची शिर्डी. नगरला मिशनऱ्यांचे काम १८३१ पासूनचे, त्यामुळे करंज्या-चकल्या इथे दिवाळीला तळल्या जातात तशा नाताळालाही. या चार-पाच महिन्यांतल्या कचऱ्याची चर्चा मात्र मंडळे, पीओपी आणि फटाके यांच्यापुढे फारशी जात नाही. मंडळावर बोट ठेवणे सोपे असते. स्वयंपाकघरातल्या बादलीवर बोट ठेवले की ते आपल्याकडेच वळते.

तरी सुरुवात मूर्तीपासूनच करावी लागेल, कारण नगर नुसते मूर्ती विसर्जित करणारे शहर नाही, घडवणारेही आहे. मूर्तिकारांचे गाव म्हटले की पेणचे नाव येते. पण नगरच्या कल्याण रस्त्यावरचे कारखानेही वर्षभर चालू असतात आणि इथल्या मूर्ती मराठवाड्यात व परराज्यांत जातात. हा धंदा मुख्यतः प्लास्टर ऑफ पॅरिसवर, म्हणजे पीओपीवर, उभा आहे. कारण उघड आहे: पीओपी लवकर सुकते, हलके असते, ट्रकमध्ये थरावर थर लावून नेता येते. शाडू गुजरातेतून येतो, सुकायला वेळ घेतो, वजनाने जड आणि धक्क्याला नाजूक. त्यामुळे ‘मूर्तिकारांनी शाडू वापरावा’ हे वाक्य लिहायला जितके सोपे तितके कारखान्यात अमलात आणायला नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपी मूर्तींना मनाई केली. त्यानंतर दरवर्षी मुदतवाढ, याचिका आणि आंदोलने. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला नाही. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित करण्याचे आदेश झाले. म्हणजे प्रश्न कारखान्यातून उचलून पुन्हा भक्ताच्या आणि पालिकेच्या दारात आणून ठेवला गेला.

घरच्या मूर्तीपुरते बोलायचे तर यातले रसायन समजून घेतलेले बरे. पीओपी म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी लागले की त्याचे पुन्हा जिप्सम होते, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. दोन किलोंची मूर्ती बादलीत ठेवून ती विरघळण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर काढलेला तोडगा साधा आहे: मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचे. दोनेक दिवसांत खाली चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे शेतकरी खत म्हणून पोत्याने विकत घेतो. पुणे महापालिकेने हे बायकार्बोनेट नागरिकांना फुकट वाटलेही. अमोनियाचा वास येतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा अंगणात करावे, बंद न्हाणीघरात नाही. रंग मात्र यातूनही नाहीसे होत नाहीत. भडक रंगाच्या, चमकीच्या मूर्तीचे पाणी तुळशीला घालू नये.

शाडू घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. शाडू विरघळतो म्हणजे गाळ होऊन तळाशी बसतो. विहिरीत तर त्याला वाहून जायलाही वाट नाही. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाच्या मोहिमेत घरोघर बादलीत विसर्जित झालेला शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना दिला जातो. ज्या शहरात मूर्तिकार आणि भक्त एकाच गावचे आहेत, त्या नगरात हे पुण्याहून सोपे जायला हवे. त्याहून सोपी वाट जुनीच आहे: धातूची किंवा दगडाची कायमची मूर्ती आणि विसर्जनाला सुपारीचा गणपती. गावांमध्ये ‘एक गाव एक गणपती’ ही कल्पना पोलिसांनी बंदोबस्ताच्या सोयीसाठी पुढे रेटली, पण कचऱ्याच्या हिशेबातही ती उत्तम आहे.

मखराबद्दल फार लिहायला नको. महाराष्ट्राने थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून. तरी तो मिळतो. आता त्याची जागा फोमच्या शीटने आणि प्लास्टिकच्या फुलांनी घेतली आहे, आणि तेही भंगारवाला घेत नाही. लाकडी चौरंग, साड्यांचा पडदा, केळीचे खांब यांचे मखर दुसऱ्या दिवशी मोडले तर साडी कपाटात जाते आणि खांब गोठ्यात.

फुलांचे गणित जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण नगर तालुक्यात अकोळनेरसारखी फुलशेतीची गावे आहेत. शेवंती-झेंडूचे भाव इथल्या अनेक घरांची दिवाळी ठरवतात. दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूचा भाव कोसळला की शेतकरी माल बाजारातच ओतून जातो; शहराच्या फुलकचऱ्याचा मोठा ढीग तो असतो, देवघरातला नव्हे. कचरा कमी करायचा म्हणून ‘फुलेच वाहू नका’ म्हणणे म्हणजे या शेतकऱ्याच्या पोटावर पाय. शिर्डीत हा पेच सगळ्यांनी पाहिला. कोविडच्या काळात साईमंदिरात हार-फुले नेणे बंद झाले आणि नंतरही ते बंदच राहिले. परिसरातल्या फूल उत्पादकांनी दाद मागितली, आणि न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२४ च्या अखेरीस फुले पुन्हा आत गेली. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. फूल हा कचरा नाही. त्याला बांधलेला नायलॉनचा दोरा, जरीची पट्टी, चमकीचा कागद आणि ज्या पिशवीतून ते नदीत फेकले जाते ती पिशवी, हा कचरा आहे. सुतळीत किंवा केळीच्या सोपटात ओवलेला हार तसाच्या तसा खतात जातो. नायलॉनचा हार खतात टाकला तर चाळताना हात कापतो. हार घेताना दोरा कशाचा हे पाहायला पाच सेकंद लागतात, आणि दहा गिऱ्हाइकांनी विचारले की विक्रेता दोरा बदलतो.

दसऱ्याचे ‘सोने’ म्हणजे आपट्याची पाने. त्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडून आणतात आणि रात्री त्या रस्त्यावर लोळतात. एका घराला एक पान पुरते.

आता स्वयंपाकघर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेलांचा नव्हे, कार्यालयांचा नव्हे. भारतात दरडोई अंदाज वर्षाला ५५ किलोंचा आहे, जगाची सरासरी ७९ किलोंची. यात साली, कोयी, हाडेही धरलेली आहेत, त्यामुळे सगळेच खाण्याजोगे होते असे नाही. तरी पाच माणसांच्या घराला हे वर्षाला पावणेतीनशे किलो होतात. शहरी घरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. डेपोवर जाऊन तो हवेशिवाय कुजला की त्याचा मिथेन होतो, आणि उन्हाळ्यात ढिगाला आग लागते ती याच वायूने भडकते.

मराठी स्वयंपाकाला या बाबतीत बाहेरच्या शिकवणीची गरज नाही. पुरणपोळीच्या दिवशी डाळीचे वरचे पाणी ओतून देण्याऐवजी त्याची कटाची आमटी होते, आणि अनेकांना पोळीपेक्षा ती जास्त आवडते. शिळ्या पोळीचा कुस्करा, गूळ-तुपातला मलिदा, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात भिजवलेले थालीपीठ ही सगळी काटकसरीची पाककला आहे. ती विसरली गेली ती फ्रिज आल्यावर. फ्रिजमुळे अन्न लगेच टाकण्याचा अपराध टळतो. ते चार दिवसांनी टाकले जाते, इतकेच.

फराळाचे वेगळे. पूर्वी घरात दहा-बारा माणसे, त्यात शेजार-पाजारची ताटे, म्हणून डबेच्या डबे भरत. आता घरात चौघे, त्यांपैकी दोघांना गोड चालत नाही, आणि ताटे दोन्ही बाजूंनी फिरतात. म्हणजे आपले अनरसे जाऊन दुसऱ्यांचे अनरसे येतात. डिसेंबरात डब्याच्या तळाशी खवट झालेला चिवडा निघतो तो यातूनच. उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा: जिन्नस कमी, प्रमाण निम्मे, आणि चार घरांनी वाटून घेतलेले पदार्थ, एकीच्या चकल्या तर दुसरीचे लाडू. यात वेळही वाचतो, आणि तो वेळ बहुतेक बायकांचा असतो हे लिहून ठेवायला हवे. घरातला कचरा कमी करा असा उपदेश झाला की तो अमलात आणण्याचे काम आपोआप त्यांच्याच वाट्याला येते.

तळणीचे तेल हा याच फराळाचा न बोललेला कचरा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून खाद्य व्यवसायांसाठी मर्यादा घातली आहे: तेलातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचे नाही, बायोडिझेलसाठी द्यायचे. हॉटेलांसाठी ही साखळी आहे, घरांसाठी नाही. घरी करण्यासारखे एवढेच, की पसरट कढईऐवजी अरुंद, खोल कढई घ्यावी, म्हणजे मुळात तेल कमी लागते; उरलेले गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. मोरीत ओतू नये. ते पुढे गटारात थिजते.

सामुदायिक जेवणावळीचा एक नमुना याच जिल्ह्यात आहे. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात आणि जागेवर आमटी शिजते. लाखांच्या गर्दीचे अन्न असे घराघरांत वाटले गेले की कुठल्याच एका भटारखान्यात भाकऱ्यांचा ढीग शिळा होत नाही. भाकरीला वेष्टन लागत नाही. याउलट शहरातल्या भंडाऱ्यात पहिली गोष्ट येते ती द्रोण-पत्रावळ्यांचे गठ्ठे. पळसाच्या पानांची पत्रावळ गाय खाते किंवा ती कुजते. ‘कागदी’ म्हणून मिळणारी चंदेरी पत्रावळ आतून प्लास्टिकने मढवलेली असते. ती कुजत नाही आणि रद्दीतही जात नाही. ऊस हा या जिल्ह्याचा प्राण, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरानगरला उभा राहिला. उसाच्या चोथ्याच्या ताटल्या आता बाजारात मिळतात, पण त्या स्वस्त नाहीत. सर्वांत स्वस्त पडते ते मंडळाने एकदाच घेतलेले स्टीलच्या ताटांचे पन्नास-शंभर नग.

ओला कचरा उरलाच तर तो घरातच जिरवता येतो. भोके पाडलेली जुनी बादली, तळाला नारळाच्या शेंड्या, वर कचऱ्याचा थर आणि त्यावर तितकाच कोरडा पाला. आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडायचे आणि हलवायचे. वास आला तर पाला कमी पडला असे समजावे. दोनेक महिन्यांत मातीसारखे खत होते. जागा असेल तिथे पुसदच्या नाडेपकाकांची दहा बाय सहा बाय तीन फुटांची विटांची टाकी आहेच. नगरसारख्या कोरड्या भागात या खताचा आणखी एक उपयोग म्हणजे कुंडीतल्या मातीत पाणी जास्त वेळ टिकते.

दिवाळीची साफसफाई हा दुसरा मोठा लोंढा. इथे जुनी व्यवस्था नव्याहून सरस होती. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, रद्दीवाला कागद नेई, फाटक्या लुगड्यांची गोधडी होई. बोहारीण अजून येते, पण पॉलिस्टरच्या कुर्त्यांना ती भाव देत नाही, कारण त्यांच्या ना चिंध्या कामाच्या, ना त्यांची गोधडी ऊबदार. म्हणजे कपडा टाकताना कुठे जाणार, हे तो विकत घेतानाच ठरलेले असते. दान हा पर्याय चांगला, पण स्नेहालय किंवा माऊली सेवा प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांकडे कपड्यांचे गाठोडे नेण्याआधी काय हवे ते विचारावे. फाटके, मळके कपडे देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणे.

बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा, सेल, चार्जर आणि मुदत संपलेली औषधे याच साफसफाईत निघतात आणि सरसकट ओल्या कचऱ्यात जातात. आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा मात्र दहा वर्षे टिकतो, दरवर्षी फक्त पतंगी कागद नवा लावायचा. फटाक्यांचा कागद खतात घालू नये, त्यात बारूद आणि धातूंची भुकटी असते.

भेटवस्तूंत सुक्या मेव्याचे डबे सर्वांत वाईट: पावशेर बदामांना अर्धा किलोचे खोके, आत साटीन, आत प्लास्टिकचा साचा. संक्रांतीचे वाण त्याच माळेतले. हळदीकुंकवाला लुटलेले प्लास्टिकचे डबे, चाळण्या आणि साबणदाण्या पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी वाण म्हणूनच फिरतात. वाणात पालेभाजीचे बी द्यावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपून २०२० चा पद्मश्री मिळवला, तर निदान नगर जिल्ह्यात तरी हे वाण शोभेल.

खेड्यांत कचऱ्याचा प्रश्न नाही, ही जुनी समजूत. उकिरडा होता तोवर ती खरी होती. शेण, राख, खरकटे सगळे शेतात जाई. आज गावच्या किराणा दुकानात तेच पाऊच मिळतात जे सावेडीत, आणि उकिरड्यात प्लास्टिक मिसळले की खत शेतात टाकता येत नाही. मग दिवाळीनंतर कोपऱ्यात काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला, हे किती ग्रामपंचायतींना माहीत असेल? त्यात जिल्हा दुधाचा, म्हणजे गाईंचा आहे. पिशवीला गाठ मारून टाकलेले खरकटे गाय पिशवीसकट खाते.

पालिकांचे काय? कायद्यांची उणीव नाही. घनकचरा नियम २०१६ मध्ये आले आणि त्यांत शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे आणि कचरा वेगळा करणे आयोजकावर बंधनकारक होते. भंडारा घालणाऱ्या कुणी असे कळवल्याचे ऐकिवात नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी कचऱ्याचे चार भाग केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. नगरात मात्र लोकांची पहिली तक्रार वेगळीच असते: आम्ही वेगळा करून दिला तरी घंटागाडीत तो एकत्रच होतो. ही तक्रार खरी आहे, आणि सबबही आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे बुरूडगावच्या डेपोत जात राहिला, गावकऱ्यांना तो विषय हरित लवादापर्यंत न्यावा लागला. वेगळा न केलेला कचरा म्हणजे त्यांच्या शिवाराकडे निघालेला कचरा.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभ्या राहून निर्माल्य घेतात, प्लास्टिक वेगळे काढतात. नगरच्या विहिरींवर कलश असतात, पण कलशात पिशवीसकट पडलेले निर्माल्य वेगळे करणारे पगारी हात असतात का, हा खरा प्रश्न आहे. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि पाडव्याला घंटागाडी आली नाही म्हणून ओरडतो. त्या दिवशी सफाई कामगाराचीही दिवाळी असते; दोन दिवस कचरा घरात ठेवता येईल इतका तो कोरडा आणि कमी असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सगळे उपाय सारखे नाहीत. ओला कचरा घरात जिरवणे याला पहिला क्रम, कारण त्याने उरलेला सुका कचरा स्वच्छ राहतो आणि विकला जातो. दुसरा क्रम कमी खरेदीचा. मूर्तीचा प्रश्न तिसरा, जरी त्यावर सर्वांत जास्त बोलले जाते. आणि कापडी पिशव्या वाटण्याचे कार्यक्रम शेवटी. घराघरांत त्यांचाही आता ढीग झाला आहे.

घरापलीकडचे एक काम मात्र वर्गणीदाराच्या हातात आहे. मंडळाची पोरे पावतीपुस्तक घेऊन दारात आली की त्यांना बसवावे, चहा द्यावा आणि विचारावे: मूर्ती कशाची आहे, भंडाऱ्याला ताटे कोणती, निर्माल्य कोण वेगळे करणार. उत्तर ऐकून मगच आकडा सांगावा.